उलटं जहाज

१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार. आधी खुर्चीत नीट बस, चष्मा लाव, आणि मग पुढे वाच. मला सापडलं!

परवा सकाळच्या फेरीत बाजाराच्या थांब्यावर एक बाई चढल्या. त्यांनी तिकिटाला पाचाचं नाणं दिलं. मी सवयीनं ते बोटांत फिरवलं. आपली नाणी कशी, पुस्तकाचं पान उलटावं तशी उलटली की दोन्ही बाजू सरळ दिसतात. इथे पाचाचा आकडा सरळ, आणि पान उलटलं तर मागचं जहाज पालथं! शिडं खाली, तळ वर. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. त्याला वाटलं कुणीतरी दारातून पडलं. पुढच्या दोन थांब्यांपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

पिशवीत माझ्या पर्समधलं चांगलं नाणं टाकलं आणि हे रुमालात बांधून घेतलं. नऊ वर्षं कंडक्टरकी करतेय, आकडा काठाबाहेर सरकलेली नाणी मिळाली, दोनदा ठसा बसून जुळी शिडं झालेलं मिळालं, एक तर अगदी कोरं मिळालं, बटणासारखं. पण उलटं जहाज आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात फक्त दोघांकडे आहे, आणि ते दोघंही त्यामुळे जरा छाती काढून चालतात. आता मीही काढणार.

खरं काम पुढेच आहे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. मला एक आख्खं टेबल मिळालंय. तू ये ना. एकतीस वर्षं टांकसाळीच्या तपासणी खोलीत काढलीस, तू जे फेकलंस ते गोळा करण्यात आम्ही आयुष्य घालवतोय. नाणी तपासतात कशी, ते तू सांगितलंस तर लोक खुर्च्यांवर उभे राहून ऐकतील.

आणि गंमत म्हणजे या नाण्यावरचं साल अठरा वर्षांपूर्वीचं आहे. म्हणजे तू तेव्हा टेबलावरच होतीस. कदाचित तुझ्याच हाताखालून निसटलं असेल!

तुझी,
टिचकी


२० जानेवारी

टिचकी,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. त्या ड्रायव्हरची मला दया आली.

माझ्या हाताखालून निसटलं असेल, हे तू पेनानं लिहिलंस? हात थरथरला नाही? माझ्या टेबलावरून एकतीस वर्षांत एकही सदोष नाणं बाहेर गेलेलं नाही. तसं मोठ्या साहेबांच्या सहीचं प्रमाणपत्र समोरच्या भिंतीवर आहे, तू ते लहानपणापासून बघतेस. खोलीत मला ‘चाळणी’ म्हणायचे ते काही उगाच नाही.

ते नाणं शेजारच्या टेबलावरून गेलं. त्याची चौकशी झाली, कागद झाले, विषय संपला. तो मला पुन्हा काढायचा नाही. तूही ते नाणं कुणाला तरी सुटे म्हणून देऊन टाक.

एप्रिलमध्ये मला जमणार नाही. गुडघे दुखतात.

तुझी,
आत्या


२७ जानेवारी

आत्या,

गुडघे दुखतात! आणि मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आतून घासून दिली ती कुणी? काकूंनीच बाबांना फोनवर सांगितलं.

तुला दुखवायचं नव्हतं गं. निसटलं असेल हे मी आपलं लाडानं लिहिलं. तू एवढी फणकारशील असं वाटलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर कोण होतं म्हणून बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘दूरबीन’. आणि लगेच उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं! दूरबीन मावशी म्हणजे रविवारी तुझ्याकडे यायची तीच ना? माझ्या दोन वेण्या घालायची, आणि तू त्या वाकड्या म्हणून सोडून परत घालायचीस? तुमच्या दोघींच्या हसण्यानं खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीनं छत ठोकायचे, ते मला अजून आठवतं. मग ती अचानक यायची बंद झाली.

आत्या, ती गेली का? तसं असेल आणि मी वेड्यासारखी चेष्टा केली असेल, तर मला माफ कर.

नसेल सांगायचं तर नको सांगूस. पण तपासणी कशी करायचात ते तरी लिही. मंडळात सगळे विचारतात आणि मी नुसती मान डोलावते.

टिचकी


६ फेब्रुवारी

टिचकी,

गेली-बिली नाही. चांगली धडधाकट असणार. गेली असती तर टांकसाळीच्या पेन्शनवाल्यांच्या पत्रकात आलं असतं. ते पत्रक दर महिन्याला येतं आणि मी त्यातली यादी आधी वाचते, मग बाकीचं.

ऐक. एकदाच सांगते. ती चार नंबरच्या टेबलावर बसायची, मी तीनवर. तेरा वर्षं. खोलीच्या त्या टोकाला भिंतीवर बसलेल्या माशीचे पाय मोजेल अशी तिची नजर, म्हणून दूरबीन. त्या वर्षी एका दुकानदाराला गल्ल्यात तुझ्यासारखीच उलटी जहाजं सापडली आणि त्यानं ते वर्तमानपत्रात छापून आणलं. टांकसाळीची अब्रू गेली. चौकशीत पिशवीची चिठ्ठी निघाली, चार नंबर टेबल. तिला तपासणीवरून काढलं आणि तळघरात पिशव्या शिवायला बसवलं. वर्षभरानं तिनं नोकरी सोडली आणि गाव बदललं. आम्ही त्यानंतर बोललो नाही.

नजर असून पाहिलं नाही, याचा मला राग आला होता. तो अजून आहे.

तपासणीचं विचारतेस तर ते तुला सांगते, कारण ते सांगायला मला आवडतं. पिशवी आली की काठ असलेल्या पत्र्याच्या ताटात नाणी एका थरात पसरायची. एकावर एक चढता कामा नये. वरून नजर फिरवायची, दोष असेल ते चिमट्यानं उचलून लाल डब्यात. मग दुसरं ताट त्यावर पालथं घालायचं, दोन्ही ताटं घट्ट धरायची आणि एका झटक्यात उलटायची. वरचं ताट काढलं की प्रत्येक नाण्याची दुसरी बाजू समोर. पुन्हा नजर. मिनिटाला दोन ताटं. नाणं हातात घ्यायचं नाही, हा पहिला नियम. हातात घेतलंत की वेळ गेला आणि घाम लागला.

ताट उलटताना माझं एकही नाणं कधी जमिनीवर पडलं नाही. तिचं पडायचं.

तुझी,
आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी डेपोच्या कॅन्टीनमध्ये मोठ्यानं वाचलं. (दूरबीन मावशीचा भाग सोडून.) मग काय, सगळ्यांच्या अंगात आलं. कॅन्टीनवाल्यानं चहाचे दोन ट्रे दिले, पाचाची शंभर नाणी जमवली, आणि त्यात मी तीन उलटी जहाजं मिसळली. एक माझं, दोन मंडळातल्या त्या छाती काढणाऱ्यांकडून उसनी आणलेली. म्हटलं, शोधा.

ड्रायव्हरांना मिळालं नाही. त्यातला एक रात्रीच्या धुक्यातही बोर्ड वाचतो. भरणा खिडकीवरच्या बाईंना मिळालं नाही, आणि त्यांच्या नजरेतून फाटकी नोट सुटत नाही. मग मी स्वतः बसले. ट्रे उलटला, पुन्हा उलटला, सात वेळा उलटला. मलासुद्धा मिळालं नाही, आत्या. पाठोपाठ दोन गाड्या उशिरा सुटल्या आणि आम्हाला सगळ्यांना मेमो मिळाला, ते जाऊ दे.

मग मी चहा पिता पिता विचार केला. ट्रेमध्ये जहाजं कशीही पडलेली असतात. कुणाचं तोंड खिडकीकडे, कुणाचं दाराकडे, कुणी आडवं, कुणी पालथं. ट्रे उलटला की आकडेही तसेच, कसेही. उलट्या जहाजाच्या नाण्याला वरून दोष नसतो, खालूनही नसतो. दोन्ही बाजू एकदम स्वच्छ. दोष असतो तो दोन बाजूंच्या जुळणीत. तो बघायचा तर नाणं हातात घेऊन पान उलटावं तसं उलटावं लागतं. आणि हातात घ्यायचं नाही, हा तर तुमचा पहिला नियम.

मला तुझी चूक काढायची नाही. कदाचित तुझ्या नजरेला दिसेल. म्हणून तिन्ही नाणी रजिस्टरनं पाठवतेय. तू करून बघ. आणि जे होईल ते मला कळव, किंवा नको कळवूस.

तुझी लाडकी (अजून आहे ना?),
टिचकी


२४ मार्च

टिचकी,

महिनाभर उत्तर दिलं नाही. रागावले होते. आधी तुझ्यावर, मग त्या नाण्यांवर, मग कुणावर ते ठरेना.

पार्सल आलं त्याच दुपारी ताटं काढली. शेजारणीला म्हटलं, तू ही साध्या नाण्यांत मिसळ, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. दहा वेळा केलं, एकही सापडलं नाही. म्हटलं, उजेड कमी आहे. दुसऱ्या दिवशी टेबल खिडकीशी ओढलं. म्हटलं, चष्मा जुना आहे. नवा करून आणला. चष्मा छान झालाय, रस्त्यापलीकडच्या शिंप्याची पाटी आता वाचता येते, त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. पण जहाज सापडलं नाही. पंधराव्या दिवशी शेजारीण म्हणाली, “काकू, आता पुरे ना? माझी भाजी करपतेय रोज.”

मग मी ताटं धुऊन ठेवली.

ते कुणालाच दिसलं नसतं. तिला नाही, मला नाही. पिशव्या वाटणारा माणूस त्या दिवशी तिच्या बाजूनं आला म्हणून ती पिशवी चार नंबरला गेली. माझ्या बाजूनं आला असता तर मीही ती आनंदानं शिवायला पाठवली असती. ठसा बसवणाऱ्यानं पहिलं नाणं हातात घेऊन उलटून बघायचं असतं, ते काम त्याचं. तो तर निरोपाच्या दिवशी भाषण ठोकून आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी गेला.

आणि मी काय केलं, ते तुला लिहिलं नव्हतं. चौकशीचा निकाल लागला त्या दिवशी जेवणाच्या खोलीत सगळ्या बायकांसमोर मी तिला नाही नाही ते बोलले. साहेबही बोलले नसतील एवढं. ती एक अक्षर उलट बोलली नाही. डबा बंद करून उठली. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे चूक कबूल आहे. मला या विचारानं आता जेवण जात नाही, टिचकी. अठरा वर्षं मी त्या प्रमाणपत्राकडे बघत जेवले.

तिचा पत्ता माझ्याकडे आहे. पेन्शन कचेरीतून तेव्हाच लिहून घेतला होता. का घेतला होता, ते मला विचारू नकोस.

वयानं मोठी असून तुला विचारते, मी आता काय करू?

आत्या


२८ मार्च

आत्या,

लिही. आजच लिही. लांबण लावू नकोस, पिशव्या वाटणाऱ्याचं पुराण नको, ठसेवाल्याचं घड्याळ नको, आणि प्रमाणपत्राचा तर उल्लेखसुद्धा नको. चुकलं म्हण. ते तू आजवर कुणाला म्हणाली नाहीस, तेव्हा आधी आरशासमोर सराव कर.

जेवण कर. मी पुढच्या सुट्टीत येऊन ताट बघणार आहे.

टिचकी


३० मार्च

दूरबीन,

तू हे फाडून टाकशील म्हणून महत्त्वाचं आधी लिहिते. माझं चुकलं.

उलट्या जहाजाची तीन नाणी माझ्याकडे आली. मी पंधरा दिवस ताटात घालून शोधली. सापडली नाहीत. ती ताटातून दिसत नाहीत. तुझी चूक नव्हती. मी तुला सगळ्यांदेखत जे बोलले ते खोटं होतं आणि वाईट होतं. चौकशीवाल्यांना नाणी कळत नव्हती, पण मला कळत होती. मी एकदा ताट घेऊन बसले असते तर मला तेव्हाच समजलं असतं. मी बसले नाही, कारण मला राग सोपा वाटला.

चाळणीतून काय काय पडतं, ते मला या वयात समजलं. मला तुझी फार आठवण येते. रविवारी तर येतेच.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. पण चालणार नाही. दे.

चाळणी


१२ एप्रिल

टिचकी,

तू विचारण्याआधी सांगते. उत्तर नाही. पोस्टमन मला दारात बघितलं की सायकल समोरच्या गल्लीत वळवतो.

प्रदर्शनाला मी येणार नाही. लोकांना काय सांगू, आम्ही फार बारीक नजरेनं तपासायचो म्हणून? तुझी नाणी प्रदर्शनाच्या आधी परत पाठवीन. जेवतेय. काळजी करू नकोस.

आत्या


१९ एप्रिल

टिचकीस,

अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मी तुझी दूरबीन मावशी. पत्ता मात्र तुझ्या आत्याचाच आहे, कारण मी तिच्याच टेबलाशी बसून लिहितेय. नाणी रजिस्टरनं पाठवायला ती कापडी पिशवी शिवतेय. माझ्या हातचे टाके तिला पसंत नाहीत. मी वर्षभर टांकसाळीच्या पिशव्या शिवल्या आहेत हे तिच्या गावीही नाही.

परवा मी न कळवता आले. तिनं दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाली, “चपला बाहेर काढ, आत्ताच फरशी पुसली आहे.” मग तिथेच उंबऱ्यावर बसून रडली. मीही बसले. शेजारची बाई दोन पेले पाणी घेऊन आली आणि आमच्याकडे बघून तीही रडली. तिला कशाचा काही पत्ता नव्हता.

तिचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मी उत्तर का दिलं नाही ते तिनं दोन दिवसांत सतरा वेळा विचारलं आणि सतरा वेळा मी हात दुखतो म्हणून सांगितलं. हात चांगला आहे. मला उत्तर लिहिता येईना, कारण तिनं लिहिलं होतं, तुझी चूक नव्हती. आणि टिचकी, होती.

त्या दिवशी ताट उलटताना माझं एक नाणं पडलं. माझी पडायची. खाली वाकून उचललं, तर बोटांत फिरलं आणि मला जहाज पालथं दिसलं. स्वच्छ दिसलं. म्हटलं, आता घंटी वाजवायची आणि पर्यवेक्षकाला बोलवायचं. तेवढ्यात शेजारून तुझी आत्या सांगू लागली की मोठे साहेब आज घाईत दोन्ही बूट डाव्या पायाचे घालून आलेत, आणि त्यामुळे ते सकाळपासून कचेरीत सरळ चालायला गेले की गोल फिरून पुन्हा आपल्याच खुर्चीशी येतात. तिनं ते चालून दाखवलं. टेबलांच्या मधल्या जागेत, दोन्ही हात पाठीमागे बांधून. तुला सांगते, हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं, मला ताट दिसेना. हातातलं नाणं कधी ताटात परत टाकलं ते कळलंच नाही. जेवणाची घंटा झाली. घरी गेल्यावर आठवलं. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पिशवी गेलेली होती, आणि मग मला सांगायचा धीर झाला नाही.

निकालाच्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं, “तुझं लक्ष कुठे होतं?” मला वाटलं, हिला कळलंय. मी घाबरले आणि उठून गेले. अठरा वर्षं तिच्या समोर आले नाही ते रागानं नव्हे, शरमेनं. आणि खरं उत्तर द्यायचं तर एवढंच होतं की माझं लक्ष तिच्याकडे होतं.

तोंडानं सांगायचं दोन दिवस ठरवतेय. ती समोर आली की जमत नाही. एवढ्या कष्टानं मागितलेली माफी मी परत कशी करू? म्हणून हे तुला लिहिलं. या पत्राचं पाकीट मी चिकटवणार नाही. पोस्टात टाकायला तीच जाणार आहे, आणि न तपासता तिनं आजवर काही बाहेर सोडलेलं नाही. पुढे काय होईल ते होवो. माझी पिशवी भरलेली आहे, संध्याकाळची गाडी मिळते.

तुझ्या वेण्या आता कोण घालतं?

तुझी,
दूरबीन मावशी


खाली माझं अक्षर आहे, ओळखशील.

वाचलं. पोस्टाच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं. आधी संताप आला. मग साहेबांची ती चाल आठवली आणि मी पायरीवर एकटीच इतकी हसले की पोस्टमास्तर बाहेर बघायला आले.

घरी जाऊन तिची पिशवी रिकामी करते. प्रदर्शनाच्या रविवारी आम्ही दोघी येतोय, टेबलाशी दोन खुर्च्या ठेव. या पत्रात दोष आहे. तरीही जाऊ देतेय.

आत्या